एक्स्पेक्टेड किती? विचारा माळेगावच्या बाजाराला!

इंटरव्ह्यू झकास होतो आणि शेवटच्या एका प्रश्नावर भल्याभल्यांची दातखीळ बसते. पगाराची घासाघीस हिंजवडीत करायची असली, तरी तिचा अस्सल फंडा आमच्या कंधारकडच्या बैलबाजारात केव्हाचा तयार आहे.

'तुमची अपेक्षा काय?' हा प्रश्न मराठी माणसाला आयुष्यात दोन वेळा विचारला जातो. एकदा कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात आणि एकदा एचआरच्या केबिनमध्ये. दोन्हीकडे आपलं उत्तर तेच. 'तसं विशेष काही नाही.' पहिल्या ठिकाणी निदान घरची माणसं सावरून घेतात. दुसऱ्या ठिकाणी आपण एकटेच असतो, घसा कोरडा पडलेला असतो आणि तोंडातून ते अजरामर वाक्य निघून जातं, 'ॲज पर कंपनी नॉर्म्स, मॅडम.'

झालं! त्या चार शब्दांत पुढच्या काही वर्षांचा हिशेब ठरला.

गंमत बघा, आपण घासाघीस न करणारी माणसं आहोत का? मुळीच नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी मावशींशी पाच मिनिटं वाद घालतो. रिक्षावाल्याशी तर रोजचंच. पण स्वतःच्या कामाचा भाव सांगायची वेळ आली की आपल्याला एकदम आठवतं, की पैशाचं बोलणं चांगल्या घरच्या माणसांना शोभत नाही.

मी मूळचा कंधारचा. नांदेडपासून पन्नासेक किलोमीटरवरचं हे तालुक्याचं गाव. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा भुईकोट किल्ला, जगत्तुंग सागर तलाव आणि या गावाचं नाव देशभर घेऊन गेलेली लाल कंधारी गाई-बैलांची जात, ही आमची ओळख. गडद तांबूस रंग, कामाला चिवट, उन्हाला दाद न देणारी. पुण्यात आलेल्या आमच्याकडच्या पोरांचं वर्णनही साधारण असंच करता येईल! फरक एवढाच, की लाल कंधारीचा बैल बाजारात उभा राहिला की त्याचा भाव कुणी 'ॲज पर नॉर्म्स' ठरवत नाही.

आधी बाजार फिरा

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला माळेगावात खंडोबाची देवस्वारी निघते आणि यात्रा सुरू होते. लोहा तालुका वेगळा होण्याआधी माळेगाव आमच्या कंधार तालुक्यातच होतं. घोडे, गाढवं, उंट, बैल, काय नसतं तिथं! माझे मामा कित्येक वर्षं या यात्रेत बैल घेत आणि विकत आले. त्यांचा पहिला नियम असा, की बाजारात शिरल्या शिरल्या कुणाच्याही दावणीपाशी थांबायचं नाही. आधी एक पूर्ण चक्कर मारायची. दोन दाती खोंड कितीला मागतायत, जुळलेला बैल कितीला सुटतोय, कोणती जोडी सकाळपासून तशीच उभी आहे, हे नुसतं बघायचं, ऐकायचं. मग बोलायचं.

आपण काय करतो? इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री कंपनीची वेबसाइट वाचतो, तिच्या संस्थापकाचं चरित्र पाठ करतो, पण त्या पदाला बाजारात काय मिळतं, हे विचारत नाही. आज नोकरी डॉट कॉम आहे, ग्लासडोअर आहे, अँबिशनबॉक्स आहे. तिथले आकडे लोकांनी स्वतः भरलेले असतात, त्यामुळे ते डोळे झाकून घ्यायचे नाहीत, पण अंदाज येतो. त्याहून पक्की माहिती मिळते ती त्याच कामातल्या तीन-चार ओळखीच्या लोकांकडून. 'तुझा पगार किती?' असं थेट विचारायला अवघड वाटतं ना? मग असं विचारा, 'तीन वर्षांच्या अनुभवाला तुमच्याकडे साधारण किती ते किती देतात?' या प्रश्नाचं उत्तर द्यायला सहसा कुणी आढेवेढे घेत नाही.

पाच हजारांचं काय एवढं?

'महिना पाच हजारांसाठी कशाला तोंड वाईट करायचं?' हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय. म्हणून एकदा कॅल्क्युलेटर काढून बसलो. दोन मैत्रिणी एकाच दिवशी नोकरीला लागल्या, असं समजा. एकीनं मागितलं, दुसरीनं नाही. फरक महिना पाच हजार, म्हणजे वर्षाला साठ हजार. पुढं दोघींनाही दर वर्षी सारखीच दहा टक्के वाढ मिळाली. दहा वर्षांत पहिलीला दुसरीपेक्षा साधारण साडेनऊ लाख रुपये जास्त मिळतात. दहाव्या एका वर्षातलाच फरक १ लाख ४१ हजारांच्या घरात जातो. काम तेच, हुशारी तीच. फरक फक्त पहिल्या दिवशीच्या दहा मिनिटांचा. कारण पुढची प्रत्येक वाढ त्याच आकड्यावर टक्क्यांनी चढते, आणि पुढची कंपनीसुद्धा पहिला प्रश्न तोच विचारते. 'करंट सीटीसी किती?'

'दादा, हावरट वाटंल की!'

काही महिन्यांपूर्वी माझ्या मामेबहिणीचा रात्री फोन आला. नांदेडला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात तीन वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम, पगार ४ लाख २० हजार. नव्या कंपनीनं साडेपाच लाखांची तोंडी ऑफर दिली होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होकार मागितला होता.

"दादा, हो म्हणून टाकते. तीस टक्के वाढ हाय, आजून काय पायजे?"

"तीस टक्के कशावर?"

"आत्ताच्या पगारावर."

"आत्ताचा पगार बरोबर आहे, हे कुणी ठरवलं?"

फोनवर बराच वेळ शांतता. मग खरं कारण बाहेर आलं. "दादा, मागितलं तर हावरट वाटंल की. अन् ते नाही म्हणाले तर? भैय्याची लातूरची फी भरायची हाय यंदा."

धाकटा भाऊ लातूरला नीटची तयारी करतोय. क्लास, होस्टेल, मेस. मामांची शेती कोरडवाहू. घरात दरमहा ठरल्या तारखेला येणारा पैसा फक्त हिचा. अशा घरातल्या मुलीला हातातली ऑफर निसटायची भीती वाटली, तर तिला 'बी कॉन्फिडन्ट' असं सांगून भागत नाही. म्हणून आम्ही आधी भीतीचाच हिशेब मांडला. त्यांनी नाही म्हटलं तर काय होईल? साडेपाचाची ऑफर बहुतेक तशीच राहील. कारण तीन-चार फेऱ्या घेऊन निवडलेल्या माणसानं सभ्यपणे एकदा विचारलं, एवढ्यावरून ऑफर मागं घेणं कंपनीलाही परवडत नाही. पुन्हा सगळी शोधाशोध कोण करणार? अगदीच वाईट झालं, तरी तिची सध्याची नोकरी शाबूत होती, कारण राजीनामा दिलेला नव्हता. माळेगावात ज्याला आजच बैल विकून घरी जायचंय, त्याचा भाव पडतो. जो म्हणतो 'नाही जमलं तर परत नेऊ,' त्याच्यापाशी गिऱ्हाईक थांबतं. म्हणून दोस्तांनो, नवी ऑफर लेखी हातात येईपर्यंत जुन्या साहेबाच्या टेबलावर राजीनामा ठेवू नका.

मग तिनं कागदावर तीन आकडे लिहिले. मागायचा आकडा सात लाख, कारण तिच्या कामाला बाजारात साडेसहा ते साडेसात मिळतात, असं चार जणांकडून कळलं होतं. समाधान होईल असा आकडा साडेसहा. आणि सहाच्या खाली असेल तर आहे ती नोकरी बरी.

पहिला आकडा कुणाचा?

१९७४ साली ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक गमतीशीर प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर एक चक्र फिरवायचं. ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल, अशी सोय केलेली. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? ज्यांच्या समोर १० आला, त्यांचा अंदाज सरासरी २५. ज्यांच्या समोर ६५ आला, त्यांचा ४५! चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नसताना डोक्यात शिरलेल्या पहिल्या आकड्यानं उत्तर आपल्याकडे ओढलं. यालाच म्हणतात अँकरिंग.

'करंट सीटीसी' हा असाच अँकर आहे. तो तुम्ही टाकलात की बोलणी त्याच्याभोवतीच फिरतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं २०१६ मध्ये कायदा करून ऑफर देण्याआधी जुना पगार विचारायलाच बंदी घातली, ती १ जुलै २०१८ पासून लागू झाली. कॅलिफोर्नियातही २०१८ पासून तसा नियम आहे. कारण साधं आहे. एका ठिकाणी कमी पगार मिळाला, की तो माणसाच्या मागं जन्मभर सावलीसारखा फिरतो. आपल्याकडे मात्र सर्रास विचारतात, वर तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपाही मागतात.

मग काय, खोटं सांगायचं? अजिबात नाही! स्लिप, फॉर्म १६, बँक स्टेटमेंट आणि २०१४ पासून आलेला पीएफचा यूएएन नंबर, यातून खरा आकडा बाहेर येतोच, आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये अडकलात तर हातातली नोकरी जाते. बैल विकताना वय लपवणाऱ्याला मामा एकच सांगतात, "दात उघडून बघणार हायेत रे बाबा."

खरा आकडा सांगा, पण त्याला एकटं सोडू नका. लगेच दुसरं वाक्य जोडा. 'सध्याचा पगार ४ लाख २० हजार आहे. पण तो मी फ्रेशर असतानाच्या आकड्यावर वाढत आलाय. आज या कामाचा बाजारभाव आणि माझा अनुभव पाहता माझी अपेक्षा सात लाखांची आहे.' आणि पुढे? गप्प राहायचं. ही सूचना मामांची. पोरीनं त्या रात्री वडिलांनाही फोन केला होता. ते म्हणाले, "आकडा सांगायचा अन् तोंड मिटायचं. मधीच 'पण चालंल थोडं कमी' म्हणलीस की गेलीस."

दुसऱ्या दिवशी आकडा सांगितल्यावर पलीकडची बाई काही सेकंद बोलली नाही. मामेबहीण सांगते, ते सेकंद तिला युगासारखे वाटले. मग उत्तर आलं, 'सात शक्य नाही, पण मी बोलून बघते.' संध्याकाळी ऑफर आली ६ लाख ४० हजार. साडेसहाला दहा हजार कमी, पण सहाच्या बरीच वर. आधीच्या ऑफरपेक्षा वर्षाला नव्वद हजार जास्त.

पॅकेज फोडून बघा

सहा लाखांचं पॅकेज म्हणजे महिना पन्नास हजार, असं ज्याला वाटतं त्याला पहिल्या पगाराला धक्का बसतो. समजा, सहा लाखांत बेसिक तीन लाख. कंपनीच्या वाट्याचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे ३६ हजार. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, म्हणजे १४ हजार ४३०. व्हेरिएबल पे साठ हजार. आणि ग्रुप इन्शुरन्सचे साडेनऊ हजार. एकूण जवळजवळ एक लाख वीस हजार बाजूला गेले. उरले ४ लाख ८० हजार, महिना ४० हजार. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ तीन हजार आणि प्रोफेशनल टॅक्स २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हातात येतात ३६ हजार ८००! काही कंपन्या पीएफ पूर्ण बेसिकवर कापतात, काही कायद्यातल्या किमान मर्यादेवर. तेही विचारून घ्या.

यातला पीएफ तुमचाच आहे, तो कुठं जात नाही. पण ग्रॅच्युइटी साधारणपणे सलग पाच वर्षांच्या नोकरीनंतरच मिळते. दोन वर्षांत उडी मारणाऱ्याला ती कागदावरच दिसते. व्हेरिएबलबद्दल थेट विचारा, 'गेल्या वर्षी या टीमला किती टक्के दिलं?' आमच्या मामेबहिणीला दाखवलेल्या साडेपाचात व्हेरिएबल मोठं होतं. नव्या ऑफरमध्ये तिनं ते कमी करून फिक्स्ड वाढवून घेतलं. हातात काय येणार, ते तिथं ठरतं.

आणखी एक नवी गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. भत्ते वगैरे एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा, असं त्यातली व्याख्या सांगते. बेसिक एवढंसं ठेवून भत्त्यांचा डोंगर रचायची जुनी युक्ती त्यामुळे अवघड झाली. ग्रॅच्युइटीसारख्या लाभांचा पाया रुंदावतो. पण सीटीसी तोच ठेवून नुसती मांडणी बदलली, तर इन हँड थोडं कमी होऊ शकतं. म्हणून नव्या ऑफरचा मासिक तक्ता मागितल्याशिवाय सही नाही!

रुमालाखालचा व्यवहार

बैलबाजारातलं सगळ्यात भारी दृश्य म्हणजे रुमालाखालचा सौदा. दोन माणसं हात रुमालाखाली घालतात, एकमेकांची बोटं धरतात, चेहऱ्यावर रेघ हलत नाही. भाव ठरतो आणि शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. या गुप्ततेचा फायदा कुणाला? जो रोज दहा सौदे करतो, त्या हेड्याला. त्याला साऱ्या बाजाराचे भाव माहीत. वर्षातून एकदा बैल घेणाऱ्या शेतकऱ्याला फक्त त्याचा स्वतःचा.

आपल्या ऑफिसात वेगळं काय आहे? शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा पगार आपल्याला माहीत नाही. एचआरला सगळ्यांचा माहीत. म्हणूनच युरोपीय संघानं २०२३ मध्ये पगाराच्या पारदर्शकतेचा निर्देश काढला. नोकरी देण्याआधी उमेदवाराला सुरुवातीचा पगार किंवा त्याची कक्षा सांगायची, जुना पगार विचारायचा नाही, असं त्यात आहे. सदस्य देशांना त्यासाठी ७ जून २०२६ ही मुदत घातली. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात तर २०२१ पासून जाहिरातीतच पगाराची कक्षा छापावी लागते. आपल्याकडे असा कायदा नाही. पण 'या पदासाठी तुमचं बजेट किती ते किती आहे?' हे पहिल्याच फोनवर विचारायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

मुलींनो, हे तुमच्यासाठी

लिंडा बॅबकॉक आणि सारा लॅशेव्हर यांच्या २००३ सालच्या पुस्तकात कार्नेगी मेलन विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांची एक पाहणी आहे. पहिल्या नोकरीत जास्त पगार मागणारे पुरुष ५७ टक्के, बायका फक्त ७ टक्के. आणि सुरुवातीच्या पगारात फरक सात टक्क्यांहून अधिक.

२०१४ च्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी बायकांच्याच एका मोठ्या तंत्रज्ञान परिषदेत सुचवलं, की पगारवाढ मागण्यापेक्षा व्यवस्थेवर विश्वास ठेवा. जगभरातून असा गदारोळ उठला, की त्याच दिवशी त्यांनी आपलं उत्तर पूर्ण चुकीचं होतं, असं कर्मचाऱ्यांना लिहून कळवलं. पगार कमी वाटला तर सरळ मागावा, हेही लिहिलं. आमचं कंधार एकेकाळी ज्या हैदराबाद संस्थानात होतं, त्याच हैदराबादचे नडेला. व्यवस्था आपोआप न्याय देते, हा समज त्या मातीतला असो वा सिलिकॉन व्हॅलीतला, पगाराच्या बाबतीत महागात पडतो!

समान कामाला समान वेतनाचा कायदा आपल्याकडे १९७६ पासून आहे, आता तो वेतन संहितेत सामावला आहे. पण कायद्याकडे जाण्याआधी शेजारच्याला किती मिळतं, हे कळावं लागतं. तेव्हा मुलींनो, आपसात बोला.

कुठं ताणायचं नाही

सगळीकडे घासाघीस चालत नाही. कॅम्पसमधून शेकड्यांनी भरती होते तेव्हा आकडा ठरलेला असतो. मोठ्या आयटी कंपन्यांमधला फ्रेशरचा पगार कित्येक वर्षं तीन ते चार लाखांच्या आसपासच घुटमळतोय, तो तुमच्या एकट्याच्या बोलण्यानं हलणार नाही. तिथं कोणतं काम, कोणतं शहर आणि बाँड आहे का, हे विचारा. सरकारी नोकरीत तर वेतनश्रेणीच छापलेली.

आणि एक फरक कायम लक्षात ठेवा. बैल विकून हेड्या पुढच्या गावाला जातो. तुम्हाला मात्र सोमवारी त्याच माणसांबरोबर कामाला बसायचंय. म्हणून आवाज खाली, आकडा स्पष्ट. घरभाडं, भावाची फी, कर्जाचा हप्ता ही तुमच्या मागणीमागची खरी कारणं असतील, पण ती तिथं सांगायची नाहीत. कंपनी तुमच्या गरजेला पैसे देत नाही, कामाला देते. बोलणी एक-दोन फेऱ्यांत संपवा आणि एकदा हो म्हटलं की पुन्हा आकडा उकरून काढू नका. इसार घेतल्यावर भाव वाढवणाऱ्याचं नाव बाजारात खराब होतं, हे माळेगावात लहान पोरालाही ठाऊक आहे.

खिशात ठेवा!

• आकडा अडला तर बाकीचं मागा. जॉइनिंग बोनस, शिफ्टिंगचा खर्च, नोटीस पीरियडचं बायआउट, घरून काम किंवा सहा महिन्यांनी पगाराचा लेखी फेरविचार.

• जॉइनिंग बोनस किती महिन्यांत सोडल्यास परत करावा लागेल, ते वाचा.

• 'पुढं बघू' याला किंमत नाही. जे ठरलं ते ऑफर लेटरमध्ये किंवा निदान ईमेलवर हवं.

• विचार करायला एक दिवस मागा. 'धन्यवाद, ऑफर वाचून उद्या दुपारपर्यंत कळवते,' एवढं पुरतं.

• आणि 'ॲज पर कंपनी नॉर्म्स' हे शब्द आजपासून डिक्शनरीतून डिलीट!